घरपट्टी भरता, मग जमाखर्चही वाचा: सांता क्लारा काउंटीत नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्टोबर सरत आला की सनीव्हेल, कुपर्टिनो, मिल्पीटस, सॅन होजे या भागांत घरपट्टीची बिलं येऊ लागतात. नवं घर घेतलेला माणूस 'अबब' म्हणतो, दोन हप्त्यांच्या तारखा कॅलेंडरवर टाकतो आणि विषय तिथेच संपतो. मीही सुरुवातीची काही वर्षं एवढंच केलं. पुण्यात असताना घरपट्टी दोनशे रुपयांनी वाढली तरी तावातावाने बोलणारा मी, इथे कैकपट रक्कम मुकाट्याने भरत होतो. कारण साधं होतं: हे पैसे नेमकं कोण घेतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

हा लेख कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचं उदाहरण धरून लिहिला आहे. राज्यात ५८ काउंट्या आहेत, आणि पुढे आलेले बहुतेक कायदे राज्याचे असल्यामुळे अलमेडा किंवा कॉन्ट्रा कोस्टातही तेच चालतात. न्यू जर्सीत वा टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी मात्र यातल्या तारखा आणि मुदती तशाच धरू नयेत. तिथले कायदे वेगळे.

आधीच एक सांगून ठेवतो. इथे कागद दडवलेले क्वचितच असतात. ते उघड्यावर ठेवलेले असतात, पण इतके की माणूस दमून परत जातो. आणि निर्णय झाल्यावर कागद मिळून उपयोग नसतो. त्यामुळे कागदांइतकंच लक्ष तारखांवर ठेवा.

पायरी १: काउंटी म्हणजे कोण?

लॉरेन्स एक्सप्रेसवेवरच्या एका खड्ड्याबद्दल मी एकदा आमच्या शहराच्या महापालिकेला कळवलं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की रस्ता आमच्या हद्दीतून जातो, पण आमचा नाही, तो काउंटीचा. लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू, फूटहिल, सेंट्रल असे आठ एक्सप्रेसवे काउंटी सांभाळते. गल्लीतला दिवा शहराचा, शाळा शाळा-जिल्ह्याची, पाणीपुरवठ्याची आणि बस-लाइट रेलची संस्था आणखी निराळी. एकाच घरावर चार-पाच सरकारं बसलेली असतात आणि प्रत्येकाचं बजेट स्वतंत्र असतं. म्हणून रागावण्याआधी कोणावर रागवायचं ते ठरवावं.

आपल्या डोक्यात बसेल असं सांगायचं तर जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, सिव्हिल हॉस्पिटल, जिल्हा कारागृह, सरकारी वकील, निवडणूक शाखा आणि दस्त नोंदणी हे सगळं एका छताखाली आणलं की काउंटी तयार होते. फरक एवढाच की इथे वरून बदली होऊन आलेला कलेक्टर नसतो. पाच निवडून आलेले सुपरवायझर मिळून बोर्ड बनतं. (आपल्याकडे सुपरवायझर म्हटलं की परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घालणारे सर आठवतात. इथले सुपरवायझर वर्षाला १२ अब्ज डॉलरच्या वरचं बजेट मंजूर करतात.) बोर्ड एक काउंटी एक्झिक्युटिव्ह नेमतं, आणि रोजचा कारभार तो पाहतो. याशिवाय शेरीफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी आणि घरांचं मूल्यांकन करणारा असेसर हे तिघे थेट मतदारांकडून निवडून येतात. त्यांचा बॉस एक्झिक्युटिव्ह नाही. पण त्यांच्या खात्यांना पैसे किती द्यायचे, ते मात्र बोर्डच ठरवतं. कुरबुरी बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

पायरी २: बिल उलगडून वाचा

बिलाचे तीन थर असतात. पहिला, मूल्यांकनाच्या एक टक्का. हा आकडा १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या प्रस्तावातून आला. त्याच तरतुदीनुसार तुमच्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. घर विकलं गेलं की मात्र ते पुन्हा बाजारभावावर येतं, आणि नवं बांधकाम झालं तर तेवढ्या भागाचं बाजारभावाने धरलं जातं. दुसरा थर मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा: शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं यांच्या इमारतींसाठी. तिसरा थर ठरावीक रकमांचा, म्हणजे शाळेचा पार्सल टॅक्स, सांडपाणी, पूरनियंत्रण वगैरे. या तिसऱ्या भागात प्रत्येक ओळीपुढे त्या संस्थेचा फोन नंबर छापलेला असतो. तो तुमच्यासाठीच आहे.

प्रपोझिशन १३ मुळे शेजारीशेजारी किती तफावत पडते, ते एका हिशोबाने पाहा. शेजारच्या आजोबांनी १९८५ साली घर २ लाख डॉलरला घेतलं असेल, तर दरवर्षी दोन टक्के धरून ४० वर्षांनी त्याचं करपात्र मूल्य फार तर ४ लाख ४२ हजारांच्या आसपास जातं. एक टक्क्याने कर साधारण ४,४०० डॉलर. तुम्ही तसंच घर १५ लाखांना घेतलं, तर तुमचा १५,०००. रस्ता तोच, कचऱ्याची गाडीही तीच. हे न्याय्य आहे का, यावर इथल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. ज्याने १९९८ मध्ये घर घेतलं तो एका बाजूला, २०२२ मध्ये घेतलं तो दुसऱ्या. मी कुठल्या बाजूला, ते सांगत नाही. माझ्या खरेदीचं साल सांगितलं तरी कळेल.

नवख्यांना खरा दणका बसतो तो पुरवणी बिलाचा. जुन्या मालकाचं मूल्यांकन आणि तुमची खरेदी किंमत यांतल्या फरकावर, वर्षाच्या उरलेल्या महिन्यांपुरता वेगळा कर लागतो. वरच्याच आकड्यांत, ऑक्टोबरमध्ये घर घेतलं तर नोव्हेंबर ते जून अशा आठ महिन्यांचे जवळपास ७,००० डॉलर. जानेवारी ते मे या काळात घेतलं तर अशी दोन बिलं येतात. हे बिल सहसा गृहकर्जवाल्या बँकेच्या राखीव खात्यातून जात नाही. ते थेट तुमच्या पत्त्यावर येतं. आमचं मी जाहिरात समजून दोन आठवडे बाजूला टाकलं होतं. कर्ज देणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

नेहमीच्या बिलाचा पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय होतो आणि १० डिसेंबरनंतर थकीत धरला जातो. दुसरा १ फेब्रुवारीला आणि १० एप्रिलनंतर. उशीर झाला की दहा टक्के दंड, 'एकाच दिवसाचा तर उशीर' ही सबब चालत नाही. मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यातून ७,००० डॉलरची सूट मिळते, म्हणजे वर्षाला सुमारे ७० डॉलर वाचतात. अर्ज एकदाच करायचा असतो, आणि तरी कित्येक जण करत नाहीत. मूल्यांकनच जास्त वाटत असेल, बाजार पडला असेल, तर जूनअखेर असेसरकडून येणारं कार्ड फेकू नका. या काउंटीत अपिलाची मुदत २ जुलै ते १५ सप्टेंबर एवढीच आहे. ऑक्टोबरचं बिल पाहून मूल्यांकनावर चिडणारा माणूस त्या वर्षापुरता हुकलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. या बिलातली सगळी रक्कम काउंटीकडे राहत नाही. काउंटी ती गोळा करते आणि वाटते. सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो, मग काउंटी, शहर आणि विशेष जिल्हे (पाणी, सांडपाणी अशा एखाद्या कामापुरत्या संस्था). त्यामुळे 'माझ्या अठरा हजारांत काउंटीने काय केलं' हा प्रश्नच चुकीचा. तुमच्या अठरा हजारांतला काउंटीचा भाग त्याहून बराच लहान असतो.

पायरी ३: तारखा वहीत लिहा

काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. भारतातलं एप्रिल-मार्च आणि अमेरिकी केंद्र सरकारचं ऑक्टोबर-सप्टेंबर, दोन्ही इथे विसरायचं. जानेवारी-फेब्रुवारीत मध्यावधी आढावा होतो: तूट किती दिसते, कुठल्या खात्यांना कात्री लागणार, याचा पहिला अंदाज तिथेच लागतो. मेच्या सुरुवातीला एक्झिक्युटिव्हचं शिफारस केलेलं बजेट बाहेर पडतं. मेमध्ये त्यावर कार्यशाळा होतात आणि जूनमध्ये सुनावणी होऊन मंजुरी.

नवीन लोक जूनमध्ये जागे होतात. तोवर बहुतेक ठरलेलं असतं. सुपरवायझर एकमेकांच्या मागण्या मेमध्येच ऐकतात, खातेप्रमुखांना प्रश्न मेमध्येच विचारले जातात. एकच दिवस काढणं शक्य असेल, तर तो मेमधल्या कार्यशाळेसाठी काढा.

पायरी ४: बजेटचं पुस्तक कुठून उघडायचं

पुस्तक शेकडो पानांचं असतं. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. सुरुवातीचं एक्झिक्युटिव्हचं पत्र वाचा, कारण तूट मान्य करताना वापरलेली भाषा तिथे असते. मग थेट एखाद्या खात्याकडे जा, ज्याच्याशी तुमचा संबंध आला आहे: ग्रंथालय, सार्वजनिक आरोग्य, रस्ते, काहीही.

एकूण आकड्याने घाबरू नका, आणि भारावूनही जाऊ नका. १२ अब्जांच्या वर रक्कम दिसते याचं मोठं कारण म्हणजे ही काउंटी स्वतःची हॉस्पिटलं चालवते. सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटर आधीपासून होतं. २०१९ मध्ये ओ'कॉनर आणि सेंट लुईस ही दोन दिवाळखोरीतून विकत घेतली आणि २०२५ मध्ये पूर्व सॅन होजेतलं रीजनल मेडिकल सेंटर. हॉस्पिटलमध्ये पैसा एका दाराने येतो (मेडि-कॅल म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा, आणि खासगी विमा) आणि दुसऱ्या दाराने जातो. बजेटमधली बरीच मोठी रक्कम अशी राज्याच्या आणि केंद्राच्या अटींनी बांधलेली असते. बोर्डाला स्वतःच्या मनाने हलवता येतील असे पैसे जनरल फंडात असतात, आणि त्यातलेही थोडेच.

म्हणून प्रत्येक खात्यात निव्वळ खर्च शोधा: खात्याचा एकूण खर्च, वजा त्या खात्याने स्वतः आणलेला महसूल. ५० कोटी खर्च करणारं एखादं खातं ४५ कोटी वरून आणत असेल, तर स्थानिक करदात्यावरचा त्याचा भार ५ कोटी. आणि १० कोटींचं लहानसं खातं पूर्ण जनरल फंडावर चालत असेल, तर तेच जास्त महाग. भाषणांत नेहमी पहिला आकडा येतो. निर्णय दुसऱ्यावर होतात.

दुसरी खूण म्हणजे एकदाचा पैसा आणि दरवर्षीचा पैसा. दिवाळीच्या बोनसवर कोणी नोकर कायमचा ठेवत नाही. सरकारं मात्र ठेवतात. एखाद्या वर्षी जास्त आलेल्या करातून किंवा केंद्राच्या तात्पुरत्या मदतीतून कायमची पदं भरली, की तीन वर्षांनी तूट उभी राहते आणि मग सगळे आश्चर्य करतात. बजेटच्या तक्त्यात 'वन-टाइम' आणि 'ऑनगोइंग' असे वेगळे रकाने दिसतील. एकदाच्या रकान्यातून आलेला पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावलेला दिसला, की पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडा.

तिसरी खूण रिकाम्या पदांची. काउंटीत २० हजारांहून जास्त पदं आहेत आणि ती सगळी कधीच भरलेली नसतात. रिकाम्या पदाचा पगार बजेटमध्ये धरलेला असतो. काही वाचलेला पैसा आधीच वजा करून दाखवतात, काही वर्षाअखेरीला 'बचत' म्हणून निघतो. 'आम्ही दोनशे पदं कमी केली' या वाक्यावर विचारायचा प्रश्न एकच: त्यांतल्या किती खुर्च्यांवर माणूस बसलेला होता?

नव्या कराचा प्रस्ताव आला तर तो 'जनरल' आहे की 'स्पेशल' तेही पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या मतदारांनी मेझर ए मंजूर केलं: पाच वर्षांसाठी विक्रीकरात ५/८ टक्के वाढ. मेडिकेडमधल्या (मेडि-कॅल हे त्याचंच इथलं नाव) केंद्रीय कपातींमुळे हॉस्पिटलं अडचणीत येतील, हा प्रचाराचा गाभा होता. कायद्याच्या भाषेत मात्र तो जनरल टॅक्स होता, म्हणजे साध्या बहुमताने मंजूर होणारा आणि जनरल फंडात जाणारा. तो हॉस्पिटलांवरच खर्चण्याचं कायदेशीर बंधन नाही, राजकीय वचन आहे. मला हे वचन पाळलं जाईल असं वाटतं. पण ते पाळलं गेलं की नाही, हे पुढच्या पाच बजेटांतून मोजायचं काम कोणीतरी करायलाच हवं.

पायरी ५: कोणाला किती पगार?

या विषयावर सगळ्यांचे कान टवकारतात, आणि चुकाही इथेच जास्त होतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आजची व्यवस्था समजत नाही. २०१० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी दिली की बेल नावाच्या लहानशा, कष्टकरी वस्तीच्या शहराचा सिटी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशासक, रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतो. भत्ते आणि इतर लाभ मिळवले तर रक्कम १५ लाखांच्या घरात जात होती. त्याला पुढे १२ वर्षांची शिक्षा झाली आणि त्या बातमीदारीला २०११ चा पुलित्झर मिळाला. करदात्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं ते मधल्या काळात घडलं: राज्याचे तेव्हाचे कंट्रोलर (हिशोबप्रमुख) जॉन चियांग यांनी सगळ्या शहरांना आणि काउंट्यांना पगाराचे आकडे कळवायला लावले आणि ते संकेतस्थळावर टाकले. पब्लिकपे डॉट सीए डॉट जीओव्ही हा त्याचा पत्ता. काउंटी निवडा, वर्ष निवडा, पदांची यादी येते. नावं नसतात, पदनामं असतात. नावांसकट आकडे काही खासगी संस्था माहिती मागवून वेगळे प्रसिद्ध करतात.

आता ती यादी वाचायची कशी? सर्वांत वर डॉक्टर दिसतील: शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ वगैरे. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, 'काउंटीचा नोकर आणि एवढा पगार?' पण हॉस्पिटल चालवायचं तर खासगी हॉस्पिटलांशी स्पर्धा करूनच डॉक्टर मिळतात. डॉक्टर वगळून यादी पुन्हा पाहा.

मग रकाने. नेहमीचा पगार, ओव्हरटाइम, एकरकमी मिळालेली रक्कम आणि इतर, असे वेगवेगळे भाग असतात. त्याखेरीज निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्यासाठी काउंटीने भरलेली रक्कम. एकरकमीच्या रकान्यात मोठा आकडा असेल, तर तो माणूस त्या वर्षी निवृत्त झाला असण्याची शक्यता मोठी. साठवलेली रजा रोखीत घेतली असणार. तो त्याचा 'पगार' नव्हे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'शिपायाला चार लाख' छापाच्या पोस्टमध्ये बहुतेक वेळा हीच गंमत असते.

ओव्हरटाइम मात्र नीट पाहा. एखाद्या तुरुंग अधिकाऱ्याचा ओव्हरटाइम मूळ पगाराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर तो लबाड आहे असं समजू नका. तिथे माणसं कमी आहेत. तेच खातं बजेटच्या पुस्तकात उघडा आणि रिकामी पदं मोजा. दोन्ही आकडे एकमेकांशी बोलू लागतात. पदं का भरली जात नाहीत, हा बोर्डापुढे विचारण्याजोगा प्रश्न. 'यांना एवढे पैसे का' हा नव्हे.

निवृत्तिवेतनाचा रकाना लोक सोडून देतात. सोडू नये. ही काउंटी कॅलपर्स या राज्याच्या निवृत्तिवेतन व्यवस्थेत आहे. अलमेडासारख्या काही काउंट्यांची स्वतःची व्यवस्था आहे. १ जानेवारी २०१३ नंतर व्यवस्थेत पहिल्यांदा आलेल्या कर्मचाऱ्यांना नवा, कमी लाभाचा कायदा लागू होतो. म्हणून एकाच पदावरच्या, एकाच पगाराच्या दोघांवर करदात्याला येणारा खर्च वेगळा असू शकतो.

आणि सुपरवायझरांचा स्वतःचा पगार? तो ठरवतं बोर्डच. हसू नका, कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच तसं आहे. फक्त पुढे एक लगाम आहे, तो म्हणजे जनमत. पगारवाढीचा वटहुकूम लगेच लागू होत नाही, ६० दिवस थांबतो. त्या काळात पुरेशा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या जमल्या, की बोर्डाला तो मागे घ्यावा लागतो किंवा मतदानाला टाकावा लागतो. कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत २०१४ साली हे प्रत्यक्ष घडलं. बोर्डाने स्वतःला ३३ टक्के वाढ दिली. कर्मचारी संघटनांनी सह्यांची मोहीम उभारली, हजारो सह्या जमल्या आणि २०१५ च्या सुरुवातीला बोर्डाने वाढ रद्द केली.

दुसरी पद्धत अधिक गुळगुळीत: सुपरवायझरांचा पगार सुपिरिअर कोर्टाच्या न्यायाधीशांच्या पगाराशी जोडून टाकायचा. लॉस एंजेलिस काउंटीत तसं आहे. न्यायाधीशांचा पगार राज्याच्या सूत्राने वाढला की सुपरवायझरांचाही आपोआप वाढतो. ना बैठक, ना मतदान, ना बातमी. याच्या बाजूचा युक्तिवाद असा की राजकारण्यांनी स्वतःचा पगार स्वतः ठरवण्यापेक्षा हे बरं. मला तो निम्मा पटतो. उरलेला निम्मा असा, की ज्यावर कधी मतच पडत नाही त्याचा जाब कोणाला विचारायचा?

पायरी ६: बैठकीत जा, आणि बोला

बोर्डाच्या बैठका सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या इमारतीत, बहुधा मंगळवारी होतात. १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, म्हणजे मंगळवारच्या बैठकीचे कागद शनिवारपर्यंत बाहेर आलेले असतात. ईमेलने मागवता येतात. ते आजच करून टाका.

विषयपत्रिकेत 'कन्सेंट कॅलेंडर' नावाचा भाग असतो: डझनावारी विषय, चर्चा न करता एका मतदानात मंजूर. बहुतेक नित्याचे. पण मोठे करार आणि मुदतवाढीही तिथेच दिसतात. मी विषयपत्रिका मागून वाचतो, म्हणजे आधी कन्सेंट.

बेलच्या प्रकरणानंतर पगाराबाबत दोन दारं बंद झाली, ती लक्षात ठेवा. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराचा विषय २४ तासांच्या सूचनेवर बोलावलेल्या विशेष बैठकीत घेता येत नाही. आणि असा पगार मंजूर करण्याआधी त्याचा सारांश भर सभेत तोंडी सांगावा लागतो, नुसता कागदात लपवून चालत नाही.

बोलायला मिळतात एक ते तीन मिनिटं, गर्दी पाहून अध्यक्ष ठरवतात. हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बी वर असाल, ग्रीन कार्डच्या रांगेत असाल, तरी बोलता येतं. आपली माणसं इथे उगाच बिचकतात. मतदान आणि जनमताच्या अर्जावर सही करणं नागरिकांसाठी राखीव आहे, माइक नाही. इतिहास सांगत बसू नका. पान क्रमांक सांगा, आकडा सांगा, एक प्रश्न विचारा. इंग्रजी अडखळली तरी पान क्रमांक अडखळत नाही.

पायरी ७: जे छापलेलं नाही ते मागवा

भारतातला २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरलेल्यांना इथली पद्धत हलकी वाटेल. कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा १९६८ चा. ठरलेला अर्ज नाही, दहा रुपयांचं तिकीट नाही, कारण सांगायची गरज नाही. भारतात अर्ज नागरिकालाच करता येतो, इथे कोणालाही. ईमेल पुरते. १० दिवसांत त्यांना कळवावं लागतं की कागद आहेत का आणि देणार का. विशेष कारणांसाठी आणखी १४ दिवस घेता येतात. हे उत्तर मिळण्याचे दिवस आहेत, कागद हातात पडण्याचे नव्हेत, हा फरक मला पहिल्या अर्जाच्या वेळी कळला. तिसऱ्या आठवड्यात एक सौम्य आठवण पाठवायची.

मागणी अरुंद ठेवा. 'शेरीफ खात्याच्या खर्चाची सगळी माहिती' असं लिहिलंत तर वर्ष जाईल. 'अमुक करार, त्यातल्या दुरुस्त्या आणि २०२४-२५ मध्ये दिलेली बिलं' असं लिहा. शुल्क फक्त नक्कल काढण्याच्या प्रत्यक्ष खर्चाचं घेता येतं. यावर याच काउंटीचा एक खटला गाजला होता. जमिनींच्या डिजिटल नकाशाचा डेटा काउंटी भारी किमतीला देत होती आणि सुरक्षेचं, कॉपीराइटचं कारण पुढे करत होती. २००९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की नकलेच्या खर्चात द्या. सॅन होजे शहराच्या खटल्यात २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडलं: अधिकाऱ्याने खासगी फोनवरून वा ईमेलवरून सरकारी कामाबद्दल लिहिलेलंही सार्वजनिक कागद ठरू शकतं. सरकारी नोकराचं नाव आणि पगार हा सार्वजनिक विषय आहे, हे त्याच न्यायालयाने २००७ मध्येच ठरवलं होतं.

अधिकाऱ्यांचे हितसंबंध पाहायचे तर फॉर्म ७०० मागा: गुंतवणूक, बाहेरचं उत्पन्न, मिळालेल्या भेटवस्तू. तो दरवर्षी भरावा लागतो आणि कोणालाही पाहता येतो.

पायरी ८: कंटाळवाणे कागद

शेवटी ते कागद, जे कोणी उघडत नाही: लेखापरीक्षण झालेला वार्षिक अहवाल आणि खजिनदाराचा गुंतवणुकीचा अहवाल. बजेट म्हणजे काय करायचं ठरवलं. वार्षिक अहवाल म्हणजे खरंच काय झालं. दोन्ही शेजारी ठेवले की कुठल्या खात्याचा अंदाज दरवर्षी त्याच बाजूला चुकतो ते दिसतं.

खजिनदाराच्या अहवालाचं महत्त्व ऑरेंज काउंटीला विचारा. तिथले खजिनदार रॉबर्ट सिट्रन वर्षानुवर्षं चांगला परतावा देत होते आणि शाळा, शहरं आपले पैसे आनंदाने त्यांच्याकडे ठेवत होती. परतावा येत होता तो कर्ज काढून व्याजदर वाढणार नाहीत यावर लावलेल्या पैजेतून. १९९४ मध्ये व्याजदर वाढले. त्याच वर्षी खजिनदाराच्या निवडणुकीत जॉन मूरलॅक यांनी हेच धोक्याचं सांगितलं होतं, आणि ते हरले होते. ६ डिसेंबर १९९४ ला काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. तोटा सुमारे १.६ अब्ज डॉलर. आपल्या काउंटीच्या तिजोरीतही शाळा-जिल्ह्यांचा पैसा एकत्र गुंतवलेला असतो. अहवालात सरासरी मुदत, कर्जाचा वापर आणि सरासरीपेक्षा जास्त परतावा या तीन गोष्टी पाहायला दहा मिनिटं लागतात.

आणि काही खरोखर खटकलं, तर सिव्हिल ग्रँड ज्युरी. दरवर्षी १९ नागरिक एका वर्षासाठी बसतात, काउंटी आणि शहरांच्या कारभाराची चौकशी करतात आणि अहवाल छापतात. बोर्डाला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं: मान्य, अमान्य, किंवा अजून अभ्यास हवा. तक्रार कोणीही पाठवू शकतं. ज्युरीत बसायला मात्र अमेरिकी नागरिकत्व आणि काउंटीत एक वर्षाचं वास्तव्य लागतं. निवृत्त झालेल्या, हिशोब कळणाऱ्या, 'वेळ जात नाही' म्हणणाऱ्या आपल्या काका-काकूंनी हा अर्ज भरावा असं मला फार वाटतं. नवं ज्युरी वर्ष जुलैत सुरू होतं आणि अर्ज त्याआधी मागवतात.